बारी वाईची, मैफल मिरजेची

संगीत बारीच्या मंचावर कोण कुठे आहे ते नीट पाहिलं, की तिथला अर्धा कारभार समजतो. पुढे नऊवारी नेसलेल्या, पायात चाळ बांधलेल्या दोघी-चौघी नाचणाऱ्या. त्यांच्या मागे किंवा बाजूला गाणारी, बहुधा वयाने मोठी, कधीकाळी स्वतः नाचलेली. त्यांच्याही मागे पुरुष: एक ढोलकीवाला, एक तबलजी, एक पेटीमास्तर. पेटीमास्तरांची पेटी पायाने भाता मारायची, म्हणून दोन्ही हात सुरांवर मोकळे. पार्टीचं नाव मात्र या तिघांपैकी कोणाचंही नसतं. ते असतं बाईचं, आणि बाईच्या गावाचं. नारायणगावकर, पंढरपूरकर, संगमनेरकर, सातारकर, वाईकर. ज्या मुलखात आडनाव बापाकडून नाहीतर नवऱ्याकडून येतं, तिथे या बायका थेट गावाचं नाव लावतात आणि त्याच नावावर तिकीट खपतं.

बाहेरचा माणूस तमाशा म्हणून सगळं एकाच पोत्यात भरतो. जाणकार दोन भाग पाडतात. एक ढोलकी फडाचा तमाशा: गावोगाव जत्रांना फिरणारा, गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग असा रात्रभर चालणारा. त्यात सोंगाड्या हवा, राजा हवा, भांडण हवं. सांगली जिल्ह्याने या प्रकाराला फार दिलं. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव याच फडाचे कवी, आणि मिरजेजवळच्या कवलापूरची काळू-बाळू ही जोडगोळीही याच फडाची. दुसरा प्रकार संगीत बारी. यात वग नाही, कथा नाही. फक्त गाणं, नाच आणि अदा. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि आपापली पाळी आली की मंचावर येतात. ही पाळी म्हणजेच बारी. तिकिटाचा खेळ संपला की हौशी रसिक एखाद्या पार्टीला बोलावून खासगी बैठक लावतात, फर्माईश करतात, दौलतजादा उधळतात. फड बहुतेक पुरुषांच्या नावाने चालले. बारी चालली ती बायकांच्या नावाने.

या बायकांमधलं सातारा जिल्ह्यातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे यमुनाबाई वाईकर.

त्यांचा जन्म १९१५ चा, कोल्हाटी समाजातल्या गरीब घरातला. आई नाचणारी, वडील ढोलकी वाजवणारे. शिक्षणाची सुरुवात आईबरोबर रस्त्यावर, दारोदार. लावणीचे पहिले धडे आईने दिले. पुढे एका जाणत्या पार्टीत राहून त्या शिकल्या, आणि मग वडिलांच्या ढोलकीच्या आधाराने घरच्याच मुलींची पार्टी उभी राहिली. सुरुवातीला मुंबईच्या रस्त्यांवर आणि नंतर तिथल्या थिएटरांत त्यांनी नाव मिळवलं. घरातल्याच तिघींच्या नावाने ही पार्टी ओळखली जाऊ लागली: यमुना-हिरा-तारा वाईकर. आजच्या भाषेत हा तिघींचा बँडच म्हणायचा. फरक इतकाच, की यांची जाहिरात भिंतीवरच्या कागदावर आणि हमालांच्या तोंडी होत असे.

यमुनाबाईंचा खरा दबदबा होता तो बैठकीच्या लावणीत. या लावणीत नाचणारी उठतच नाही, किंवा अगदी थोडी उठते. ती बसून गाते आणि एकेका ओळीचा अर्थ डोळे, भुवया, मान, बोटं यांनी उलगडते. ओळ तीच, पण पहिल्या वेळी तिच्यात लाडिक तक्रार, दुसऱ्या वेळी खरा राग, तिसऱ्या वेळी विनवणी, चौथ्या वेळी सगळं समजून केलेली थट्टा. ठुमरी गाणाऱ्या बनारसच्या किंवा लखनौच्या बाईला हे सांगावं लागणार नाही. तिच्याकडचा भाव बतावण्याचा रिवाज याच घराण्यातला. म्हणूनच सत्तरच्या दशकात दिल्लीच्या मंचावर यमुनाबाई आणि पंडित बिरजू महाराज समोरासमोर आले, तेव्हा कथक आणि लावणी यांत कोण मोठं हा प्रश्न फोल ठरला. दोघेही एकाच प्रकारचं काम करत होते. त्यापूर्वी बराच काळ यमुनाबाई अंधारात गेल्या होत्या. तमाशाची थिएटरं ओस पडत होती आणि बैठकीच्या लावणीला सिनेमातल्या लावणीने मागे टाकलं होतं. दिल्लीनंतर अभ्यासक आणि नाट्यकर्मी वाईची वाट शोधत आले. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी वाईतच त्या गेल्या, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी.

ही कहाणी एवढीच सांगितली तर ती फार गोड होईल. बाईच्या नावाने पार्टी चालते, याचा अर्थ बाई मोकळी असते असा नाही. कोल्हाटी समाजात नाचणारी मुलगी ही घराचं उत्पन्न असे. तिच्या कमाईवर भाऊ, बाप, मामा जगत. तिचं लग्न होत नसे. एखाद्या धनिकाबरोबर चिरा उतरवण्याचा विधी होई आणि तिच्या मुलांना बापाचं नाव मिळत नसे. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं, तेव्हा सुशिक्षित मराठी वाचकाला ही बाजू पहिल्यांदा इतक्या जवळून दिसली. लेखकाच्या नावात मधोमध आईचं नाव का आहे, ते पुस्तक वाचल्यावर कोणालाही विचारावं लागलं नाही. तेव्हा बारीतल्या मालकिणीचं कौतुक करायचंच, पण तिने मोजलेली किंमतही त्याच पानावर लिहायची.

वाईहून दक्षिणेला, कृष्णेच्याच काठाकाठाने खाली आलं की सांगली आणि तिला चिकटून मिरज. इथलं गाणं वेगळ्या दारातून आलं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले. त्यांची आणि ताराबाई माने यांची मुलगी हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मली. धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे हिचा जन्म १९१३ चा. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली, घर बदललं, गाणं मात्र तेच राहिलं. थोरला भाऊ सुरेशबाबू माने यांनी आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांनी ते पुढे शिकवलं.

त्या काळात बाईचं गाणं ऐकायचं तर कोठ्यावर, दरबारात किंवा एखाद्या सरदाराच्या दिवाणखान्यात जावं लागे. ऐकणारे पुरुष, बोलावणारा पुरुष, बिदागी ठरवणाराही तोच. हिराबाईंनी यावर जो तोडगा काढला तो फार व्यवहारी होता: तिकीट. नाट्यगृह घ्यायचं, दर लावायचा, ज्याला ऐकायचं त्याने पैसे देऊन खुर्चीवर बसायचं. बाईने तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचा पायंडा हिराबाईंनी पाडला, असं श्रेय त्यांना दिलं जातं. तिकिटामुळे गाणारी आणि ऐकणारा यांच्यातलं नातंच बदललं. ऐकणारा आता यजमान राहिला नाही, गिऱ्हाईक झाला, आणि गिऱ्हाइकाला गाणारीच्या घरात शिरण्याचा हक्क नसतो. मध्यमवर्गीय घरातल्या बायका शेजारच्या खुर्चीवर येऊन बसू लागल्या त्याही यामुळेच. १९२९ साली या भावंडांनी नूतन संगीत नाटक मंडळी काढली आणि नाटकातल्या स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करायला सुरुवात केली. कंपनी कर्जात बुडाली, हे त्या काळच्या नाटक कंपनीच्या रिवाजाला धरूनच झालं.

सांगली-मिरजेच्या मातीतल्या भावंडांनी स्त्रीभूमिका स्त्रियांकडे आणाव्यात यात एक गंमत आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सांगलीतच केलं, आणि त्यातली सीता अर्थातच मुलगा होता. पुढची कित्येक दशकं मराठी रंगभूमीवर शालू नेसून मिरवणारे पुरुषच होते. उलट कांताबाई सातारकर साताऱ्यात लहानाच्या मोठ्या झाल्या, तमाशात गेल्या आणि वगात पुरुषी भूमिकाही गाजवल्या. पुढे त्यांनी स्वतःचा फड चालवला.

हिराबाई आणि सरस्वतीबाई या बहिणी उतारवयात एकत्र गाऊ लागल्या. दोन स्त्रियांनी मिळून ख्यालाची जुगलबंदी गाण्याची सुरुवात त्यांच्यापासून झाली असं मानतात. एकीने सुरावट उचलावी, दुसरीने ती तिथूनच पुढे न्यावी, आणि हे करताना चढाओढ मात्र नसावी, असं ते गाणं होतं.

आता जरा समुद्रापलीकडे. १९८५ साली, जानेवारीत, न्यूयॉर्कमध्ये आयरिश पारंपरिक संगीताच्या काही मैफली झाल्या. मिक मोलोनी या अभ्यासक-वादकाच्या लक्षात आलं होतं, की अमेरिकेत जन्मलेल्या आयरिश वंशाच्या मुलींमध्ये उत्तम वाजवणाऱ्या बऱ्याच आहेत, पण मंचावर दिसतात ते त्यांचे बाप. त्याने फक्त मुलींना बोलावलं. त्यातून ‘चेरिश द लेडीज’ हा केवळ स्त्रियांचा वाद्यमेळ उभा राहिला. हे नावही एका जुन्या नाचाच्या चालीचं आहे. ब्राँक्समध्ये वाढलेली जोनी मॅडन या मेळाची म्होरकी. ती बासरी आणि टिन व्हिसल वाजवते. तिचे वडील जो मॅडन गॉलवेहून अमेरिकेत आलेले बटन अकॉर्डियनचे नामांकित वादक. या मुलींच्या सुरुवातीच्या एका ध्वनिमुद्रिकेचं नावच ‘फादर्स अँड डॉटर्स’ होतं.

या मेळाची मैफल सुरू झाली, की लावणी ऐकणाऱ्याला दोन गोष्टी लगेच ओळखीच्या वाटतात. पहिली म्हणजे पुनरावृत्ती. जिग किंवा रील ही आयरिश चाल छोटी असते: आठ आवर्तनांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, मग पुन्हा पहिल्यापासून. चाल तीच राहते. बदलतात त्या हरकती, मुरक्या आणि जोर. अशा दोन-तीन चाली एकमेकींना जोडून वाजवतात आणि एकीतून दुसरीत शिरण्याचा क्षण आला की श्रोते ओरडतात. यमुनाबाई ओळ फिरवत तेव्हा दाद अशाच जागेवर येत असे. दुसरी गोष्ट लय. जिग सहा मात्रांची, तीन-तीनमध्ये तोललेली, म्हणजे दादऱ्याच्या कानाला ती परकी नाही. मध्येच नर्तक येतात आणि पावलांनी जमिनीवर ठेका वाजवतात. वरचं अंग जवळजवळ स्थिर, सगळी करामत गुडघ्याखाली. इथे मात्र लावणीची वाट वेगळी होते, कारण लावणीला वरच्या अंगाशिवाय अर्थच नाही.

वाद्यांतही नातेवाईक सापडतात. बोधरान हे आयरिश वाद्य म्हणजे लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेली चकती, काठीने वाजवायची. सातारा-सांगलीच्या माणसाला ती पाहताक्षणी डफ आणि हलगी आठवतील. अकॉर्डियन आणि कॉन्सर्टिना यांचं आतलं यंत्र आणि आपल्या पेटीचं यंत्र तर एकच: भात्याच्या हवेने थरथरणारी धातूची पट्टी. कॉन्सर्टिनाचं पहिलं रूप चार्ल्स व्हीटस्टनने १८२९ मध्ये लंडनमध्ये सिद्ध केलं, हार्मोनियमचं १८४० च्या आसपास पॅरिसमध्ये देबँने. युरोपच्या घराघरांत आणि चर्चमध्ये वाजणाऱ्या या पेट्यांपैकी एक आयर्लंडच्या स्वयंपाकघरात शिरली, दुसरी गलबतातून हिंदुस्थानात आली आणि तमाशाच्या थिएटरात पोचली. क्लेअर परगण्यात कॉन्सर्टिना हे बायकांचं वाद्य मानलं जाई. किलरशच्या मिसेस क्रॉटी पब सांभाळून ते वाजवत आणि रेडिओमुळे आयर्लंडभर पोचल्या.

आपल्याकडे पेटी पेटीमास्तरांकडेच राहिली. या दोन परंपरांमधला सगळ्यात मोठा फरक हाच आहे, आणि तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. संगीत बारीतली बाई पार्टीची मालकीण होऊ शकते, पुढची लावणी कोणती ते ठरवू शकते, बिदागीचे वाटे करू शकते. ढोलकी मात्र तिच्या मांडीवर आली नाही. गळा तिचा, पाय तिचे, नाव तिचं, वाद्य पुरुषाचं. तिच्या हाती फार तर टाळ. ख्याल गाणाऱ्या बाईच्या हातात तंबोरा आला तो सूर धरायला. आणि तो तंबोरा तरी कुठला? मिरजेचा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना पाणी द्यायचं काम कमी झालं तेव्हा मिरजेतल्या शिकलगारांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं पहिलं मोठं नाव. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, तुनाचं लाकूड येतं, आणि दर्ग्याजवळच्या गल्लीत आजही तंबोऱ्याची जवारी घासून सूर उघडला जातो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या गायिकांनी छातीशी धरलेले तंबोरे याच गल्लीतले.

न्यूयॉर्कच्या मुलींनी बापाचं वाद्यच उचललं, म्हणून त्यांची मैफल जगाला नवी वाटली. बाईने गाणं यात आयर्लंडमध्येही कोणाला नवल नव्हतं.

दोन्हीकडच्या सरकारांना मात्र एकच भीती वाटत होती. १९३५ साली आयर्लंडमध्ये सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा आला. नाचायला परवाना लागू लागला आणि शेताघरातल्या स्वयंपाकघरांत, चौकात होणारे नाच पाद्री आणि पोलिसांच्या डोळ्यांवर आले. संगीत घराबाहेर पडून हॉलमध्ये गेलं, आणि हॉलमध्ये मोठ्या आवाजाचे बँड लागले. १९४८ साली मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी दाद मागितली, समिती नेमली गेली, बंदी उठली. पण संहिता आधी तपासून घ्यायच्या अटीवर. वगाची संहिता लिहून देता येते. यमुनाबाई तिसऱ्यांदा ओळ म्हणताना भुवई किती उचलतील, ते कागदावर कसं लिहून देणार? सोवळेपणाच्या या कायद्यांनी जो प्रकार पकडायचा होता तो निसटला आणि ज्यांचं पोट त्यावर होतं ते भरडले गेले, असंच दोन्ही देशांबाबत म्हणावं लागतं.

बैठकीची लावणी आता मोठ्या नाट्यगृहात पोचली आहे. सावित्री मेधातुल यांनी या कलावतींवर ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट केला, भूषण कोरगावकर यांनी ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहिलं, आणि दोघांनी मिळून त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग उभा केला. त्यात शकुंतलाबाई नगरकर, पुष्पा सातारकर यांच्यासारख्या मुरलेल्या कलावती नाचतात, लताबाई वाईकर गातात, आणि मधल्या निवेदनातून बारीचं जग उलगडत जातं. वाई आणि सातारा ही नावं अशी अजून पाटीवर आहेत. अडचण एकच. बैठकीत बोटाचा इशारा दोन हातांवरून दिसतो. आठशे खुर्च्यांच्या सभागृहात तो पाचव्या रांगेनंतर विरतो. मग कलावतीला हातवारे मोठे करावे लागतात, ढोलकीला ध्वनिक्षेपक लागतो आणि बारकावा थोडा हरवतो. आयरिश वादकही हीच तक्रार करतात: पबच्या कोपऱ्यात टेबलाभोवती बसून वाजवलेलं संगीत मंचावर एका ओळीत बसवलं की त्यातलं आपसातलं बोलणं कमी होतं. जाणत्या कलावती यावर आपापला उपाय शोधतात. शकुंतलाबाई मंचावरून सरळ प्रेक्षकांशी बोलतात, एखाद्याला निवडून त्याच्याकडे बघत ओळ म्हणतात, आणि तेवढ्यापुरती त्या मोठ्या सभागृहाची बैठक करून टाकतात.

गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रकार रुळला आहे: ‘खास महिलांसाठी’ लावणीचे खेळ. पश्चिम महाराष्ट्रातल्या शहरांत अशा जाहिराती लागतात आणि दुपारच्या खेळाला सासवा, सुना, शिक्षिका, बचत गटाच्या बायका गाड्या करून येतात. सुरुवातीची दोन गाणी त्या टाळ्या वाजवत बसून ऐकतात. तिसऱ्या गाण्याला कोणीतरी पदर कमरेला खोचून खुर्च्यांमधल्या वाटेत उतरते, मागून शिट्टी येते, आणि मंचावरची नाचणारी ढोलकीवाल्याला हाताने खूण करते: लय वाढव.